पळस, पळस, कंट्रोल

पोलिसांच्या वायरलेसवर माणसाला नाव नसतं. नोकरीला लागले तेव्हा मला याचं फार बरं वाटलं होतं, कारण त्या दिवसांत आमच्या घरात माझं नाव निघालं की माझा मोठा भाऊ उठून बाहेर जायचा.

कारण साधं होतं. त्यानं माझ्यासाठी आर्वीकडचा एक मुलगा पाहिला होता. मुलगा चांगला, घर चांगलं, शेत ओलिताचं. सुपारी फोडायची तेवढी बाकी होती आणि मी पोलीस भरतीच्या मैदानावर धावून आले ती निवड होऊनच. ट्रेनिंगला जायचं म्हणून लग्नाला नाही म्हटलं. बाबा आम्ही लहान असतानाच गेलेले, त्यामुळे बाहेरच्या लोकांना शब्द द्यायचा अधिकार भावाकडे आलेला आणि तो त्यानं पहिल्यांदाच वापरला होता. मी त्याला तोंडघशी पाडलं. आंजी गावातल्या आमच्या अंगणात, माझ्यापासून दोन हातांवर उभा राहून तो मायला म्हणाला, "सांगून दे तिले. आजपासून मले बहीण नाई."

मला सांगायचं तेही त्यानं मायकडून सांगितलं. तिथून आमचा अबोला सुरू झाला.

अबोला काय असतो हे मराठी माणसाला मी सांगायला नको. भांडणात निदान तोंड मोकळं होतं. अबोल्याला चिकाटी लागते आणि ती आम्हा दोघांना बाबांकडून भरपूर मिळालेली. मी सुट्टीवर घरी यायचे, एका ओळीत पाटावर जेवायला बसायचो, मध्ये माय. तो म्हणायचा, "माय, त्यायले सांग, वरण सरकवा इकडं." मी म्हणायचे, "माय, त्यायले सांग, हात पुरते त्यायचा." माय दोन्हीकडचं ऐकायची, दोन्हीकडे पोचवायची आणि पोचवताना त्यातलं तिखट काढून टाकायची. माझ्या लग्नाला तो आला, अक्षता टाकल्या, जेवला, माझ्या नवऱ्याशी चांगलं बोलला आणि माझ्याकडे न बघता परत गेला. मी तेव्हा बोरगाव मेघेत संसार मांडला. तो वनरक्षक झाला आणि जंगलातल्या क्वार्टरमध्ये राहायला गेला. माय आणि वहिनी आंजीत राहिल्या.

वायरलेसचं काम समजावून सांगते, म्हणजे पुढचं समजेल. सेटचं बटण दाबून धरलं की आपण बोलतो, सोडलं की ऐकतो. दोन्ही एकदम होत नाही. दोन माणसांनी एकाच वेळी बटण दाबलं तर दोघंही बोलत राहतात आणि दोघांनाही एकमेकांचं काही कळत नाही. अशा वेळी जवळपासच्या तिसऱ्या सेटवर कुणी ऐकलेलं असेल तर त्यानं ते पुढं पोचवायचं असतं. त्याला आम्ही रिले म्हणतो. ट्रेनिंगमध्ये शिकवणाऱ्या साहेबांनी रिले समजावून सांगितलं तेव्हा मला वर्गात हसू आलं होतं. आमच्या मायनं हे काम कुठलंही ट्रेनिंग न घेता वर्षानुवर्षं केलं होतं.

त्या काळी पोलिसांचे सेट वेगळे आणि वनखात्याचे वेगळे. एका वर्षी आर्वीच्या बाजूला वाघ कपाशीत येऊन बसला. बघायला जत्रेसारखी गर्दी. नाल्याच्या एका काठाला आमची जीप, दुसऱ्या काठाला वनखात्याची. दोघांच्या हातात सेट आणि एकाचं दुसऱ्याला ऐकू येत नाही. आमचा हवालदार मला कंट्रोलला विचारायचा, वाघ कुठे सरकला. मी वनखात्याच्या ऑफिसला फोन लावायचे. ते त्यांच्या माणसाला सेटवर विचारायचे, आणि तो माणूस आमच्या हवालदाराच्या समोर, हाक मारली तर ओ देईल एवढ्या अंतरावर उभा असायचा. वाघ दरम्यान कंटाळून निघून गेला. कुणाला काही झालं नाही म्हणून ते हसण्यावारी गेलं, पण पुढं दोन्ही खात्यांच्या साहेबांची बैठक झाली आणि दोघांच्या सेटवर लागेल असा एक चॅनल ठरवून दिला. कागदोपत्री त्याला काहीतरी लांबलचक नाव होतं. आम्ही त्याला सामाईक म्हणायचो, दोन शेतांमध्ये सामाईक धुरा म्हणजे बांध असतो तसं. धुऱ्यावरून आमच्याकडे डोकी फुटतात, म्हणून सुरुवातीला लोक जरा जपूनच बोलायचे.

वनखात्याच्या लोकांनी आपल्या सेटांना झाडांची नावं दिली होती. रेंज ऑफिस म्हणजे साग. बाकी मोह, तेंदू, धावडा. आम्ही नुसते कंट्रोल. ठरलं असं की रोज सकाळी कंट्रोलनं प्रत्येक झाडाला हाक मारायची, आवाज पोचतो का बघायचं. पहिल्या सकाळी ड्यूटी माझी होती. साग झाला, मोह झाला. मग मी म्हटलं, "पळस, पळस, कंट्रोल. आवाज कसा? ओव्हर."

"कंट्रोल, पळस. आवाज साफ. ओव्हर."

आवाज ओळखायला मला वेळ लागला नाही. लहानपणी याच आवाजानं मला नदीत जास्त पुढं जाऊ नको म्हणून दम दिलेला. त्यालाही माझा आवाज कळलाच असणार. मी रीतीप्रमाणे म्हटलं, "तुमचाही साफ," आणि पुढच्या झाडाला हाक मारली. नोंदवही मात्र दोन्ही हातांनी दाबून धरली होती. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, पंखा जोरात आहे.

अशी आमची गंमत झाली. घरात एक शब्द नाही आणि सरकारी कामात रोज सकाळी बोलणं. तो मला तुम्ही म्हणायचा. "बोला कंट्रोल." "कंट्रोल, तुमी थांबा जरा, पाहून सांगतो." मोठा भाऊ, ज्यानं मला खांद्यावर घेऊन पोळा दाखवला, तो मला तुम्ही म्हणतो हे मला दर सकाळी टोचायचं. पण मीही कमी नव्हते. मीही त्याला पळस म्हणायचे, तुम्ही म्हणायचे आणि आवाज कोरडा ठेवायचे.

तरी माणूस किती दिवस कोरडा राहणार? हवामानाचा इशारा आला की मी सगळ्यांना वाचून दाखवायचे, गारपीट होणार, वीज पडणार. बाकीच्यांना तेवढंच. पळसला शेवटी "काळजी घ्या" जोडायचे. एकदा मोहनं विचारलं, "कंट्रोल, आमची काळजी नाई का घ्याची?" तेव्हापासून सगळ्यांनाच म्हणायला लागले, म्हणजे त्यात काही दिसू नये. आणि पळस कधी कधी विचारलेलं नसताना सांगायचा, "इकडं आज लय धुकं हाये, कंट्रोल." एवढंच. धुक्याची नोंद मला ठेवायची नसायची. तो मला ते का सांगायचा हे मी तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही.

सुट्टीच्या दिवशी मी आंजीला जायचे तेव्हा मायचा पहिला प्रश्न ठरलेला.

"बोलला का तो?"

"बोलला ना."

"काय म्हनला?"

"आवाज साफ हाये म्हणला."

माय समाधानानं मान हलवायची. मी एकदा तिला समजावलं की हे बोलणं खरं नाही, ही ड्यूटी आहे. ती म्हणाली, "तू त्याले हाक मारते, तो तुले ओ देते. मंग अजून काय पाह्यजे वं?" शेजारणींना ती सांगायची, माझे दोघं रोज सकाळी बोलते. तिला एकच गोष्ट हवी होती. आपले डोळे मिटायच्या आत आपल्या मुलानं आपल्या मुलीला समोर बसवून एकदा बाई म्हणावं. तो मला लहानपणापासून बाई म्हणायचा. हे ती माझ्यापाशी बोलायची, त्याच्यापाशीही बोलत असणार. आम्ही दोघंही ऐकून घ्यायचो आणि दुसऱ्यानं सुरुवात करावी म्हणून वाट बघायचो.

जंगलातल्या लोकांची एक रीत मला फार आवडायची. जनावर जवळ असलं किंवा तारेत करंट सोडून शिकार करणारे कुठं आसपास असले तर बोलता येत नाही. अशा वेळी ते सेटचं बटण नुसतं दोनदा दाबतात. इकडं आम्हाला खट-खट असं ऐकू येतं. त्याचा अर्थ, ऐकलं, मी ठीक आहे. एका दुपारी पळसचा आवाज मध्येच बंद झाला. सागनं सांगितलं की तो पायी गेला आहे आणि त्या वाटेवर पिल्लांची वाघीण दिसली होती. मी हाक मारली, काही नाही. पुन्हा मारली, काही नाही. मग साहेबांना न विचारता म्हटलं, "पळस, बोलू नका. सुखरूप असाल तर दोनदा दाबा." थोडा वेळ गेला. मग आलं, खट-खट. मी उठून बाहेर गेले आणि नळाखाली तोंड धुतलं. त्या दिवशी संध्याकाळी आंजीला मुद्दाम जाऊन आले. मायला वाघिणीचं काही सांगितलं नाही, नुसतं तिच्या हातची भाकर खाल्ली.

आणखी एक रीत होती, कुठं लिहिलेली नव्हती. सामाईकवर दुसऱ्या खात्याचं काही घरगुती कानावर आलं तर ते उचलायचं नाही. त्यांचे साहेब त्यांच्या माणसाला झापायचे ते आम्ही ऐकायचो, आमचे साहेब आम्हाला झापायचे ते त्यांना ऐकू जायचं. पुढं बैठकीत भेटले की सगळे चेहरे कोरे. परक्याच्या घरात डोकावलेलं बोलून दाखवत नाहीत, तसंच ते. मला ही रीत चांगली वाटायची. अजूनही वाईट म्हणवत नाही.

मग माय आजारी पडली. दवाखान्यात ठेवली. वहिनी तिच्यापाशी असायची, मी ड्यूटी करून जायचे, भाऊ जंगलातून जमेल तसा यायचा. आम्ही आलटून पालटून तिच्या खाटेपाशी बसायचो, तो आला की मी बाहेरच्या बाकावर. एका सकाळी तिला जरा बरं वाटलं, तिनं चहा मागितला. डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे. त्याच दिवशी दोन्ही खात्यांची मिळून गस्त होती, करंटच्या तारा शोधायची. भाऊ तिकडं गेला. डोंगराच्या त्या भागात मोबाइलला रेंज नसते. जायच्या आधी वहिनीला सांगून गेला, काही झालं तर कंट्रोलले सांगजो. कंट्रोल म्हणजे मी, हे त्याला माहीत होतंच.

दुपारी वहिनीचा फोन आला. तिला बोलता येत नव्हतं. मला कळलं.

सामाईकवर खाजगी निरोप देऊ नये असा नियम आहे. साहेब माझ्या मागेच उभे होते. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, "सांगा तुम्ही. नियम मी बघतो." आणि त्यांनी स्वतः माइक घेऊन सगळ्या सेटांना चॅनल मोकळा ठेवायला सांगितलं. एकदम शांत झालं.

"पळस, पळस, कंट्रोल."

काही नाही. तो खोलगट जागी असला की असं व्हायचं.

"पळस, पळस, कंट्रोल. ऐकताय का?"

माझा आवाज फाटला ते मलाच ऐकू आलं. पुन्हा काही नाही. मी थांबले, आणखी थांबले. मग मला थांबवेना. मी बटण दाबून म्हटलं, "दादा, माय गेली रे. दादा, तू ये."

बटण सोडलं. पलीकडून नुसतं एक खर्रकन झालं, कुणीतरी बटण सोडल्यावर होतं तसं. माझ्या ध्यानात आलं. तोही नेमका त्याच वेळी बोलत होता. माझं त्याला पोचलं नव्हतं आणि त्याचं मला.

आता पुन्हा सांगणं भाग होतं. पण तो शब्द एकदा निघाला होता, दुसऱ्यांदा निघाला नाही. खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते, जिल्ह्यातले सगळे सेट ऐकत होते. तोंडात आलं ते सवयीचं आलं. "पळस, कंट्रोल. तुमच्या आईचं निधन झालं आहे. ताबडतोब घरी पोचा. ओव्हर."

फार वेळ काही आलं नाही. मग आलं, "रॉजर, कंट्रोल."

तेवढंच. रॉजर. मेसेज मिळाला की म्हणतात तो शब्द. मला त्याचा राग आला, फार राग आला. आई गेल्याचं ऐकून ज्या माणसाला आपल्या बहिणीला रॉजर म्हणता येतं त्याच्यापाशी माझं काही काम नाही, असं मी मनात म्हटलं, आणि ते रडण्यापेक्षा सोपं होतं.

त्यानं अग्नी दिला. मी बायकांमध्ये बसले होते. तेरवीपर्यंत आम्ही एकाच घरात वावरलो. पहिल्यांदाच आमच्यामध्ये कुणी नव्हतं. पाटावर तो या टोकाला, मी त्या टोकाला, मधली जागा रिकामी. त्याला वरण हवं असेल तर तो उठून घ्यायचा. एकदा मी भांडं त्याच्याकडे सरकवलं, त्यानं बघितलं, घेतलं, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला त्या नजरेचा अर्थ लागला नाही. राग असता तर मी ओळखला असता. ते दुसरंच काहीतरी होतं.

तेरवी झाली आणि आम्ही आपापल्या कामावर गेलो. दुसऱ्या सकाळपासून पुन्हा तेच. पळस, पळस, कंट्रोल. आवाज साफ. पण त्यानं धुक्याचं सांगणं बंद केलं. मीही आता कुणालाच काळजी घ्या म्हणत नव्हते. असं बराच काळ चाललं. मोबाइलचे टॉवर डोंगरापर्यंत आले, दोन्ही खात्यांचे व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप झाले. नवे सेट येणार, मग सामाईकची गरज उरणार नाही, असं लोक म्हणायला लागले. सकाळची हाक तेवढी राहिली होती.

एका सकाळी पळसनं ओ दिली नाही. मी सागला सांगितलं, सागनं माणूस पाठवला. भाऊ क्वार्टरच्या ओट्यावर पडलेला सापडला. लकवा. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

दवाखाना तोच होता, बाकही तोच. मी त्या बाकावर बसायचे आणि तो झोपेत असेल तेव्हा आत जाऊन बघून यायचे. जागा असताना जायची हिंमत होत नव्हती. त्यानं तोंड फिरवलं तर? आता तर कुणाला "सांगून दे तिले" असंही त्याला म्हणता येणार नव्हतं. त्याची जागा लगेच भरली आणि पळस हे नाव एका नव्या वनरक्षकाला मिळालं. मी सकाळी हाक मारायचे आणि तो उत्साहानं म्हणायचा, "बोला मॅडम!" त्याचा काही दोष नव्हता, तरी मला तो आवडत नसे.

त्याच बाकावर एक दिवस एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले. आवाज ऐकल्यावर मी ओळखलं. तो साग होता. रेंज ऑफिसच्या सेटवर बसणारा, आता निवृत्त झालेला. आम्ही वर्षानुवर्षं बोललो होतो आणि एकमेकांना परेडच्या मैदानावर लांबून पाहण्यापलीकडे कधी पाहिलं नव्हतं. भावाला बघून ते बाहेर आले होते.

"मॅडम, एक इचारू का? राग नका मानजा."

"विचारा ना जी."

"तुमची माय वारली त्या दिवशी तुमी त्याले जवाब काऊन नाई देल्ला?"

"कोणता जवाब?"

"त्यानं इचारलं नाई का तुमाले? बाई, मी ऐकून राह्यलो, माय कशी हाये वं? तू रडू नको, मी निंगालो, बाई. असा बोलला तो. आमच्या बाजूच्या सगळ्या सेटायनं आइकलं. आन् तुमी म्हनलं, तुमच्या आईचं निधन झालं आहे."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग हळूहळू जुळलं. डोंगर त्यांच्या जवळ, कंट्रोल लांब. दोघांनी एकदम बटण दाबलं तेव्हा वनखात्याच्या सेटांवर त्याचा आवाज आला, आमच्या गावाकडच्या सेटांवर माझा. आमच्या लोकांनी माझं दादा ऐकलं. त्यांच्या लोकांनी त्याचं बाई ऐकलं. ज्या दोघांसाठी ते शब्द होते त्या दोघांनी तेवढं सोडून सगळं ऐकलं.

"मले नाई आलं ते," मी म्हटलं. "मी बी त्याच वक्ती बोलत होती. मी त्याले दादा म्हनलं होतं."

आता ते माझ्याकडे बघत राहिले. 

"मी रिले करनारच होतो जी. हात बटनावर होता माह्या. मंग वाटलं, बहीण-भावाची गोष्ट हाये, घरची हाये. पोलिसायच्या कानावर काऊन घालू? तुमी आइकलंच असंल. तो तिथंच खाली बसला म्हने, सेट घेऊन. संगच्या पोऱ्यायनं सांगतलं. म्हने, बाई म्हनलं तरी तिनं माफ नाई केलं."

मला त्यांचा राग येईना. आमच्याही जीपमध्ये, आमच्याही खोलीत माणसं होती. त्यांनीही मला कधी म्हटलं नाही की तू दादा म्हणालीस ते आम्ही ऐकलं. सगळे भले लोक. सगळ्यांनी आमची अब्रू राखली. मी त्या बाकावर तोंडात पदर कोंबून रडले, मायसाठी तेव्हा रडायचं राहिलं होतं तेही रडून घेतलं. साग शेजारी बसून राहिले, चहा आणू का म्हणाले, मी नको म्हटलं, तरी आणला.

भावाला घरी सोडलं तेव्हा मी आंजीला गेले. सकाळची वेळ होती. त्याची खाट ओसरीवर टाकलेली, मायची खाट असायची त्याच जागी. तो जागा होता. मला बघून त्यानं तोंड फिरवलं नाही. पण पापणीही हलवली नाही. वहिनी आत चहा ठेवायला गेली.

मी खाली, जमिनीवर बसले. येताना बसमध्ये पुष्कळ काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काही आठवेना. मग मला जे येतं तेच केलं.

"पळस, पळस, कंट्रोल."

त्याचे डोळे हलले.

"त्या दिवशी दोघायनं एकदम दाबलं होतं, दादा. तुह्या आवाज मले नाई आला. तू बाई म्हनलं, ते मले आत्ता समजलं, सागनं सांगतलं. आन् मी तवा तुले दादा म्हनलं होतं. दादा, माय गेली रे, तू ये, असं म्हनलं होतं. ते तुले नाई आलं. दुसऱ्यांदा म्हनाले मले जमलं नाई."  मी खाटेचा काठ धरला आणि म्हटलं, "आता आलं का?"

त्याचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं. काहीतरी आवाज निघाला, त्याला शब्द म्हणता येणार नाही. तो पुन्हा प्रयत्न करायला लागला, मान लाल झाली, डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. मला ते बघवेना. मी म्हटलं, "बोलू नको. बोलू नको, दादा."

तो थांबला. त्याचा डावा हात चादरीखालून निघाला. हळूहळू खाटेच्या काठावर आला. बोटं मिटली आणि त्यानं लाकडावर ठोकलं.

खट-खट.

वहिनी चहा घेऊन आली, आम्हा दोघांकडे पाहून दारातच थांबली. तिला माझा आवाज ऐकू गेला असावा, त्याचा कुठला जाणार. तिनं बिचकत मलाच विचारलं, "काय म्हनून राह्यले?"

मी डोळे पुसले. तिथं माय असती तर तिलाही हेच सांगितलं असतं.

"आवाज साफ हाये म्हणते," मी म्हटलं.